रक्षाविसर्जन ते उत्तरकार्य : कोल्हापुरात दुःखाच्या प्रसंगी जमणाऱ्या गोतावळ्याची पार्श्वभूमी

कोल्हापुरातील कोणत्याही दैनिकातील निधनवार्तांचा रकाना पाहिला, तर बहुतेक बातम्यांचा शेवट एकाच वाक्याने होतो : रक्षाविसर्जन अमुक दिवशी सकाळी नऊ वाजता पंचगंगा स्मशानभूमीत आहे. मृताचे वय, मागे राहिलेला परिवार आणि नात्यातील ओळखीची नावे यानंतर येणारे हे वाक्य भावकीला, सोयऱ्याधायऱ्यांना, पेठेतल्या शेजाऱ्यांना आणि मृताच्या मित्रमंडळींना दिलेले बोलावणेच असते. निरोप वेळेवर न मिळाल्याने मातीला, म्हणजे अंत्यविधीला, पोहोचता आले नाही, तरी रक्षाविसर्जन, म्हणजे तिसऱ्या दिवशीचा अस्थी वेचण्याचा विधी, चुकवायचा नाही, हा संकेत या जिल्ह्यात घट्ट रुजला आहे. या एकत्र येण्याला आज जे रूप आहे ते एका काळात किंवा एका शास्त्रातून घडलेले नाही, आणि ते समजून घ्यायचे तर धर्मशास्त्राबरोबर शेती, स्थलांतर, सत्यशोधक चळवळ आणि वारसाहक्काचा कायदा यांच्याकडेही पाहावे लागते.

शास्त्राची बाजू तुलनेने सोपी आहे. महाराष्ट्रात सुतकाचे नियम सांगताना आजही ज्या ग्रंथाचा आधार घेतला जातो, तो ‘धर्मसिंधु’ काशीनाथ उपाध्ये यांनी पंढरपुरात १७९०-९१ च्या सुमारास पूर्ण केला. सपिंड, म्हणजे एकाच कुळातल्या सात पिढ्यांपर्यंतच्या, नातेवाइकांना दहा दिवसांचे सुतक, लग्न होऊन गेलेल्या मुलीला तीन दिवसांचे, दूरच्या नात्यांना त्याहून कमी, अशी ही मोजणी आहे. मृत्यूनंतर कोणी कोणाच्या घरी थांबायचे, कोणी सणवार टाळायचे आणि दहाव्या-बाराव्याला कोणी हजर राहायचे हे या मोजणीतून आपोआप ठरत गेले, आणि म्हणून भावकी म्हणजे नेमके कोण हे एरवी न बोलले जाणारे उत्तर मृत्यूच्या वेळी स्पष्ट होत असे. मात्र कोल्हापूरचा समाज एकाच चालीचा कधीच नव्हता. लिंगायत परंपरा सुतक मानत नाही, मृतदेहाला समाधी देते, आणि गोतावळा त्यांच्याकडे शिवगणाराधनेला, म्हणजे मृत्यूनंतरच्या स्मरणविधीला, जमतो. मुस्लिम घरांत तिसऱ्या दिवसाच्या जियारतीला आणि चाळिसाव्याला नातलग येतात. नियम वेगळे असले तरी घर एकटे पडू द्यायचे नाही, ही धारणा सगळीकडे सारखीच दिसते, आणि माझ्या मते खरी परंपरा तीच आहे.

या धारणेमागे शेतकरी समाजाची रोकडी गरज होती. घरातला कर्ता गेला की त्याच दिवशी गोठ्यातल्या जनावरांना वैरण कोण घालणार, म्हशीची धार कोण काढणार, पाण्याची पाळी कोण धरणार, हे प्रश्न उभे राहत, आणि ते भावकीनेच उचलायचे असत. मयताच्या घरी चूल पेटत नाही. पहिला कडू घास शेजारच्या किंवा भावबंदांच्या घरून येतो, तो बहुधा पिठलं-भाकरीचा असतो, आणि पुढचे काही दिवस कोणत्या घरून डबा येणार हे कोणी न सांगता ठरत जाते. शहरात हेच काम पेठेतल्या तालमीने आणि मंडळाने अंगावर घेतले. तिरडीच्या सामानापासून शववाहिकेपर्यंत आणि निरोप देण्यापासून खुर्च्या मांडण्यापर्यंत सगळे तालमीची पोरे पाहतात, तेव्हा घरच्यांना कशालाही हात लावावा लागत नाही. पंचगंगा स्मशानभूमीत महापालिका अंत्यसंस्कार मोफत करते आणि त्यासाठी मोठ्या प्रमाणावर शेणी, म्हणजे शेणाच्या गोवऱ्या, वापरल्या जातात. होळीच्या सुमारास ‘होळी लहान करा, शेणी दान करा’ असे आवाहन होते आणि गल्लोगल्लीची मंडळे शेणी गोळा करून स्मशानभूमीला देतात. दुसऱ्याच्या घरच्या मरणाची तयारी सणाच्या दिवशी करून ठेवणारे हे शहर आहे, आणि याचा कोल्हापूरकरांना वाटणारा अभिमान मला रास्त वाटतो.

दिवसांच्या हिशेबाला स्थलांतराने नवा अर्थ दिला. मिरज ते कोल्हापूर रेल्वे १८९१ साली सुरू झाली आणि पुढच्या काळात आजरा, चंदगड, भुदरगड, गडहिंग्लज या भागांतून असंख्य माणसे मुंबईच्या गिरण्यांत गेली. गावी कोणी वारले की तार जायची, खाडा मांडून माणूस गाडी पकडायचा, आणि तो पोहोचेपर्यंत अग्नी देऊन झालेला असायचा. अशा माणसाला आपल्या माणसाचा निरोप घेण्याची जागा रक्षाविसर्जनाच्या आणि बाराव्याच्या दिवशीच मिळत असे. पूर्वी केवळ विधीचा टप्पा असलेले हे दिवस, दूर गेलेल्या मुलांनी आणि भावांनी गावी परतण्याचे दिवस होऊन बसले. तारेची सेवा देशात २०१३ साली बंद झाली. आता मोबाइलवर काही मिनिटांत निरोप पोहोचतो आणि पुण्याहून गाडी करून माणसे त्याच दिवशी येतात, तरीही रक्षाविसर्जनाची गर्दी कमी झालेली नाही.

कोल्हापूरच्या संदर्भात पुरोहिताचा प्रश्न टाळून पुढे जाता येत नाही. १८९९ साली पंचगंगेवर कार्तिकस्नानाला गेलेल्या राजर्षी शाहू महाराजांसाठी पुरोहित वेदोक्त (वेदांतले, क्षत्रियांचा अधिकार मानलेले) नव्हे तर पुराणोक्त (पुराणांतले, शूद्रांसाठी ठरवलेले) मंत्र म्हणत असल्याचे उघड झाले आणि वेदोक्त प्रकरण पेटले. वाद स्नानाच्या मंत्रांवरून सुरू झाला असला, तरी बहुजन घरातले विधी कोणी आणि कोणत्या अधिकाराने करायचे हा त्याचा गाभा होता. जोतीराव फुले यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात स्थापन केलेल्या सत्यशोधक समाजाने मध्यस्थ पुरोहिताशिवाय विधी करण्याचा आग्रह आधीच धरला होता. १९११ साली कोल्हापुरात सत्यशोधक समाज उभा राहिला, भास्करराव जाधव यांच्यासारखी माणसे त्यात पुढे होती, आणि १९२० साली शाहू महाराजांनी क्षात्रजगद्गुरूंचे, म्हणजे मराठा समाजासाठी ब्राह्मणेतर धर्मगुरूचे, पीठ निर्माण केले. याचा परिणाम घराघरांत एकसारखा झाला नाही. कित्येक घरांत दहाव्याचे पिंडदान पूर्वीसारखेच चालू राहिले, काहींनी ते पूर्ण सोडले, आणि बहुतेकांनी मधली वाट धरली. तरी एक गोष्ट नक्की बदलली : मंत्राचे महत्त्व ओसरले तसे जमलेल्या माणसांचे महत्त्व वाढले.

रक्षाविसर्जनाच्या सकाळी हे प्रत्यक्ष पाहायला मिळते. शेणींची राख अजून कोमट असते. तिच्यावर पाणी शिंपडले जाते, घरचे आणि भावकीतले पुरुष अस्थी वेचून मडक्यात ठेवतात, राख घमेल्यांत भरली जाते. साफ केलेल्या जागी हळद-कुंकू, फुले आणि पानावर नैवेद्य मांडला जातो, ज्यात मृताला आवडणारा पदार्थ आवर्जून असतो; चहाबाज माणसासाठी चहाचा कप ठेवलेला दिसतो, तंबाखू खाणाऱ्यासाठी चंची. मग सगळे बाजूला सरतात आणि कावळ्याची वाट पाहतात. उशीर झाला तर घरातले वडीलधारे पुढे होऊन ‘पोरांचं आम्ही बघतो, काळजी करू नका’ असे मोठ्याने सांगतात. कावळा शिवण्यावर विश्वास असो वा नसो, हा शब्द चारचौघांत दिला जातो आणि नंतर तो मोडणे अवघड होते. अंत्ययात्रेला न आलेल्या बायकाही या वेळी हजर असतात. शेवटी कोणीतरी जाणते गृहस्थ चार शब्द श्रद्धांजलीचे बोलतात, मृताच्या स्मरणार्थ दिलेली देणगी आणि उत्तरकार्याचा दिवस जाहीर करतात, आणि घरचे लोक हात जोडून रांगेत उभे राहतात. पंचगंगेच्या प्रदूषणाची जाण वाढल्यापासून जिल्ह्यातील अनेक गावांत रक्षा नदीत न सोडता शेतात टाकून तिथे झाड लावण्याची चाल पडली आहे. ही सुधारणा भाऊबंदांनी एकमेकांकडे पाहून, वर्षा-दोन वर्षांत स्वीकारली, हे नोंदवण्यासारखे आहे.

बाराव्याच्या उत्तरकार्याची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. सोयऱ्यांनी दुखवटा आणायचा, म्हणजे मुलांना टॉवेल-टोपी, घरच्या बाईला साडी, आणि थोरल्या मुलाला सगळ्यांच्या साक्षीने फेटा बांधायचा. फेटा बांधण्यात घराची जबाबदारी सोपवल्याची घोषणा होती, आणि दुखवटा ही त्या जबाबदारीला हातभार लावण्याची रीत होती. पुढे जेवणावळी वाढल्या, शेकड्यांनी पाने उठू लागली आणि आजारपणाच्या खर्चाने आधीच वाकलेल्या घराला कार्यासाठी नवे कर्ज काढावे लागू लागले. दुखवट्याचे कपडेही नुसते देण्याघेण्याचे झाले. कार्य पाचव्या दिवशी उरकणे, आहेर न स्वीकारणे, जेवणाऐवजी शाळेला किंवा वाचनालयाला देणगी देणे, हे बदल त्यातूनच आले. ते मनापासून स्वागत करावेत असेच आहेत, पण दिवस कमी करताना घरच्यांची सोबतही कमी होते, याकडे लक्ष कमी जाते.

या जमण्यात सर्वांत मोठा अन्याय जिच्यावर होत आला, ती म्हणजे ज्या बाईचा नवरा गेला ती. धीर देण्यासाठी आलेल्या बायकांनीच तिच्या बांगड्या फोडायच्या, कुंकू पुसायचे, मंगळसूत्र आणि जोडवी काढायची, असा हा प्रकार पिढ्यान्पिढ्या चालला. शाहू महाराजांनी १९१७ साली संस्थानात विधवा पुनर्विवाहाचा कायदा केला, पण अंगणात चालणारा हा विधी कायद्याच्या कक्षेबाहेर राहिला. शिरोळ तालुक्यातील हेरवाड गावाच्या ग्रामसभेने ४ मे २०२२ रोजी, शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीच्या दोन दिवस आधी, ही प्रथा बंद करण्याचा ठराव केला. करमाळ्याचे सामाजिक कार्यकर्ते प्रमोद झिंजाडे यांनी या विषयाला चालना दिली होती आणि सरपंच सुरगोंडा पाटील यांच्या गावाने ती प्रत्यक्षात आणली. हातकणंगले तालुक्यातील माणगावनेही, जिथे १९२० साली शाहू महाराज आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांची ऐतिहासिक परिषद झाली होती, तसाच ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने सर्व ग्रामपंचायतींना हेरवाडचे अनुकरण करण्याचे आवाहन करणारे परिपत्रक काढले. परिपत्रकात शिक्षेची तरतूद नव्हती. त्यामुळे बांगड्यांकडे हात जाताना ‘नको’ म्हणणारी एखादी सासू, जाऊ किंवा नणंद त्या घोळक्यात आहे की नाही, यावरच सगळे अवलंबून राहिले.

एकत्र येणेच अशक्य झाले असे प्रसंगही या शहराने पाहिले. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले, घाट आणि त्यालगतचा परिसर बुडाला आणि अंत्यविधीसाठी इतरत्र जावे लागले. त्यानंतर २०२० आणि २०२१ च्या साथीत अंत्यविधीला वीस माणसांची मर्यादा आली. ज्या घरांत शेकडो माणसे भेटायला आली असती, तिथे दारात कोणी उभे राहिले नाही. त्या काळात आपले माणूस गमावलेल्यांच्या बोलण्यात ‘कोणी यायला पाहिजे होतं’ ही खंत आजही येते.

भेटायला येणारे कमी होऊ लागले की घरात कागदांचा विषय निघतो, आणि तो बहुधा बाराव्यालाच निघतो, कारण सगळ्या बहिणी-भाऊ एकत्र असण्याचा तो शेवटचा दिवस असतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेनुसार वारसाने मिळालेल्या हक्काची माहिती तीन महिन्यांत तलाठ्याला द्यायची असते, म्हणून वारस नोंदीची घाई खोटी नसते. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने विधवेला आणि मुलींना पहिल्या वर्गातील वारस ठरवले, महाराष्ट्राने १९९४ साली मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हक्क दिला पण आधी लग्न झालेल्यांना वगळले, ९ सप्टेंबर २००५ पासून देशभर मुलगा-मुलगी हा भेद संपला, आणि वडील त्या तारखेला हयात नसले तरी मुलीचा हक्क टिकतो हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी स्पष्ट केले. तरीही हक्कसोडपत्रावर बहिणींच्या सह्या घेण्याची बोलणी अजून याच बैठकीत होतात, आणि माहेर तुटू नये म्हणून बहुतेक बहिणी सही करतात. ज्या भावकीने तिसऱ्या दिवशी कावळ्यासमोर ‘पोरांचं आम्ही बघतो’ असा शब्द दिलेला असतो, त्या भावकीतील वडीलधाऱ्यांनी बाराव्याला सहीचा विषय पुढे ढकलावा, नोंद आईसह सर्व वारसांच्या नावे होऊ द्यावी आणि वाटणीचे बोलणे वर्षश्राद्धानंतर करावे, असा पायंडा काही घरांनी पाडला आहे. तो पाळायला कोणत्याही ठरावाची किंवा परिपत्रकाची गरज लागत नाही.