ब्लॉक (रेल्वेमार्ग देखभाल)

रेल्वेमार्गाचा ठरावीक टप्पा ठरावीक वेळेपुरता गाड्यांसाठी बंद करून दुरुस्तीसाठी ताब्यात देण्याची पद्धत. केवळ वाहतूक थांबवल्यास ट्रॅफिक ब्लॉक आणि ओव्हरहेड तारेतील प्रवाहही तोडल्यास पॉवर ब्लॉक म्हणतात. मुंबईत मध्य रेल्वेवरील रविवारचा मेगाब्लॉक व पश्चिम रेल्वेवरील जंबोब्लॉक सर्वपरिचित आहेत.

पूर्वी बरीचशी देखभाल दोन गाड्यांमधल्या वेळात होई. मुकादमाच्या हाताखालची गँग (कामगारांची टोळी) बीटर या लोखंडी अवजाराने स्लीपरखाली, म्हणजे रुळांना आधार देणाऱ्या आडव्या पट्ट्यांखाली, खडी ठोकी आणि इशारा मिळताच रुळांबाहेर होई. साधारणतः १९७० नंतर काँक्रीटचे स्लीपर पसरू लागले. अशा एका स्लीपरचे वजन सुमारे २७० किग्रॅ. असते व ब्रॉडगेजच्या (रुंदमापी) मुख्य मार्गांवर किलोमीटरमागे साधारण १,६६० स्लीपर लागतात. इतके काम हाताने निभत नाही. स्लीपरखाली खडी दाबून बसवणारे टॅम्पिंग मशीन मात्र रुळावरच उभे राहून चालते. गाडी आली म्हणून ते बाजूला घेता येत नाही. त्यामुळे ब्लॉक अपरिहार्य झाला. कीमनची (ठरलेला टप्पा रोज पाहणाऱ्या कर्मचाऱ्याची) पायी तपासणी व किरकोळ कामे अजूनही चालू मार्गावर होतात आणि खरा धोका तेथेच उरला आहे.

ब्रॉडगेजवर अडथळ्यापासून ६०० मी.वर आडवा लाल बॅनर व १,२०० मी.वर दहा-दहा मीटर अंतराने चाकाखाली फुटून चालकाला सावध करणारे तीन फटाके (डिटोनेटर) लावतात. ताशी ११० किमी. वेगाची गाडी १,२०० मी. अंतर सुमारे ३९ सेकंदांत कापते, १३० किमी. वेगाची सुमारे ३३ सेकंदांत. तेवढ्यात अवजारे उचलून माणसांनी बाहेर पडायचे असते. वळणावर, कटिंगमध्ये (डोंगर कापून केलेल्या खोल वाटेत) किंवा धुक्यात टेहळणीवाल्याला गाडी उशिरा दिसते, म्हणजे हा अवधी आणखी घटतो. दुहेरी मार्गावरील नेहमीची चूक म्हणजे डाउनची (एका दिशेची) गाडी टाळण्यासाठी अपच्या (उलट दिशेच्या) रुळांत उभे राहणे: पहिल्या गाडीच्या आवाजात दुसरीचा आवाज बुडतो. सुरक्षित जागा एकच, सर्व रुळांच्या बाहेर.

पॉवर ब्लॉकमध्ये प्रवाह तोडल्याचा निरोप पुरेसा नसतो. २५ किलोव्होल्ट एसी प्रणालीत शेजारच्या जिवंत तारेमुळे बंद तारेतही घातक विद्युतदाब प्रेरित होतो. म्हणून कामाच्या दोन्ही बाजूंना तारेतील वीज जमिनीत उतरवणारे डिस्चार्ज रॉड लावतात. रॉडचे टोक आधी रुळाला किंवा खांबाला जोडायचे, मगच आकडा तारेवर अडकवायचा. काढताना क्रम उलटा. मुंबईतील जुन्या १,५०० व्होल्ट डीसी तारा २०१६ पर्यंत टप्प्याटप्प्याने एसीवर आल्या, तेव्हा कर्मचाऱ्यांना ही सवय नव्याने लावून घ्यावी लागली.

ब्लॉकमुळे वक्तशीरपणा घसरतो, हे मत वाहतूक विभागात रूढ आहे. उलट मत असे, की नाकारलेला ब्लॉक पुढे वेगमर्यादा, रूळ तुटणे व खोळंबा या रूपांत वसूल होतो. हे दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. वक्तशीरपणाचे आकडे मात्र जपून वाचावे लागतात. अंतिम स्थानकावर १५ मिनिटांपर्यंतचा उशीर वेळेवरच धरला जातो. २०१८ पासून नोंदी हाताने करण्याऐवजी डेटा लॉगरकडून (आपोआप नोंद करणाऱ्या यंत्राकडून) घेण्यास सुरुवात झाल्याने त्याआधीच्या आकड्यांशी थेट तुलना योग्य नाही. १ जुलै २०२० रोजी भारतीय रेल्वेच्या सर्व २०१ गाड्या वेळेवर धावल्या, पण तेव्हा टाळेबंदीमुळे वाहतूक तुरळक होती. जपानमध्ये शिंकान्सेन (बुलेट ट्रेन) मध्यरात्री १२ ते सकाळी ६ धावत नाही. तिच्या प्रसिद्ध वक्तशीरपणात देखभालीला मिळणाऱ्या या रोजच्या सहा तासांचा मोठा वाटा आहे.

ब्लॉक उशिरा मिळाला तरी तो संपवण्याची वेळ सहसा बदलत नाही. मशीन स्थानकातून कामाच्या जागी नेण्यात व परत आणण्यातही वेळ जातो, त्यामुळे कात्री प्रत्यक्ष कामालाच लागते. खडी अपुरी भरलेली राहिली, तर मार्ग वेगमर्यादेसह उघडावा लागतो. खडी चाळण्याच्या कामानंतर वेग नियमानेच कमी ठेवून टप्प्याटप्प्याने वाढवतात.

अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालील सुरक्षा आढावा समितीने २०१२ च्या अहवालात ऑक्टोबर २००७ ते ऑक्टोबर २०११ या काळात सुमारे १,६०० रेल्वे कर्मचारी कामावर मृत्युमुखी पडल्याचे नोंदवले. त्यानंतर येणाऱ्या गाडीची रेडिओलहरींद्वारे सूचना देणारे ‘रक्षक’ हे उपकरण काही विभागांत आणले गेले. २०२३ मध्ये नियमांत ‘रोलिंग ब्लॉक’ची तरतूद झाली, तिच्यानुसार ब्लॉकचे नियोजन ५२ आठवडे आधीपर्यंत करता येते.