दुरुस्ती झाली, जुनी सही चालूच: बूट प्रक्रियेतल्या त्रुटींची पार्श्वभूमी

ऑगस्ट 2024 मध्ये बेळगावात खडेबाजारातल्या एका दुकानात खानापूरहून लॅपटॉप आला. विंडोज व्यवस्थित सुरू व्हायचं. लिनक्स निवडलं की काळ्या पडद्यावर 'सिक्युरिटी पॉलिसी व्हायोलेशन' उमटून मशीन बंद. दुकानदाराने सेटिंगमध्ये शिरून सिक्युअर बूटच, म्हणजे मशीन सुरू होताना प्रोग्रामची डिजिटल सही तपासणारी सोयच, बंद केली. "झालं बघा, सर." गिऱ्हाईक खूश.

मशीन सुरू करणारा, बायोस नावाच्या चिपमधला प्रोग्राम बिघडवणारा सीआयएच व्हायरस 26 एप्रिल 1999 रोजी भडकला होता, ते आता जुनं झालं. खरा गुंता 2012 नंतरचा, विंडोज 8 सोबत सिक्युअर बूट घरोघरी पोचल्यावरचा. सही असलेलाच प्रोग्राम सुरू होऊ द्यायचा, एवढंच ते बघतं. पण सही म्हणजे प्रोग्राम कुणाचा याची खात्री. तो निर्दोष असल्याची नव्हे. आपल्याकडे फेरफार होऊन नवा उतारा निघतो, पण जुना सहीशिक्क्याचा उतारा कुणाच्या तरी पेटीत राहतोच. तो दाखवून कुणी व्यवहार केला तर? इथे नेमकं तेच झालं.

जुलै 2020 मध्ये ग्रबमधली, म्हणजे लिनक्स सुरू करून देणाऱ्या छोट्या प्रोग्राममधली (बूटलोडर), 'बूटहोल' ही त्रुटी उघड झाली. दुरुस्ती आली, पण सही असलेल्या जुन्या प्रती अडवायच्या तर त्या मशीनमधल्या रद्द यादीत, म्हणजे सुरू होऊ न द्यायच्या प्रोग्रामांच्या यादीत, घालाव्या लागतात. या यादीला बहुतेक मशीनवर 32 केबी जागा. एकट्या बूटहोलने त्यातली सुमारे 10 केबी खाल्ली. म्हणून एकेक प्रत नोंदवण्याऐवजी पिढीचा क्रमांक तपासणारी एसबॅट पद्धत आली.

विंडोजच्या बूटलोडरचं तर आणखी वाईट. जानेवारी 2022 मध्ये मायक्रोसॉफ्टने त्यातली एक त्रुटी बुजवली, जुन्या प्रती मात्र रद्द केल्या नाहीत. त्याच प्रती सोबत घेऊन 'ब्लॅकलोटस' हा घातक प्रोग्राम आत शिरला. मे 2023 मध्ये रद्द करण्याची सोय आली, तीही आपोआप लागू न होणारी. कारण दिलं गेलं ते जुनी रिकव्हरी माध्यमं (बिघडलेलं मशीन सावरायच्या यूएसबी, डिस्क) सुरू होणार नाहीत, हे. कारण खोटं नव्हतं, पण त्याची किंमत वापरणाऱ्यांनी मोजली, असं माझं मत.

मग ऑगस्ट 2024 च्या विंडोज अपडेटने एसबॅटची मर्यादा, म्हणजे चालणारा किमान पिढी क्रमांक, वर नेली आणि दोन सिस्टिमवाल्यांचे जुने लिनक्स बूटलोडर अडकले. त्यावरचा कायमचा उपाय मे 2025 च्या अपडेटमध्ये आला.

खानापूरच्या त्या लॅपटॉपवर सिक्युअर बूट अजून बंदच आहे.