घरगुती जेट इंजिनाचा इतिहास: सगळी भानगड आगीची

घरी छोटं जेट इंजिन बनवायचं म्हटलं की सगळे आधी लेथ, बॅलन्सिंग आणि टर्बाइनची पाती यावरच बोलायला लागतात. ते महत्त्वाचं आहेच, पण इतिहास बघितला तर पहिल्यापासून सगळ्यांना सगळ्यात जास्त छळलंय ते एकाच गोष्टीने, जोरात धावणाऱ्या हवेत आग टिकवायची कशी?

तत्त्व सोपं आहे. कॉम्प्रेसर हवा दाबतो, मधल्या चेंबरमध्ये इंधन जळतं, गरम गॅस टर्बाइन फिरवतो, आणि ती टर्बाइन त्याच शाफ्टवरचा कॉम्प्रेसर फिरवते. नॉर्वेच्या एगिडियस एलिंगने १९०३ मध्येच असं यंत्र चालवलं होतं, जे स्वतःला फिरवून वर थोडी पॉवर शिल्लक टाकायचं.

मग १९३० च्या दशकात जर्मनीत, ग्योटिंगेनला, हान्स फॉन ओहाइन नावाच्या तरुण फिजिक्सवाल्याने स्वतःच्या खिशातून पैसे घालून एक मॉडेल बनवून घेतलं, कोणाकडून तर त्याची गाडी जिथे दुरुस्त व्हायची त्या गॅरेजमधल्या माक्स हान या मेकॅनिककडून. मला ही गोष्ट फार आवडते, कारण जेट इंजिनाची सुरुवात अशी गॅरेजमध्येच झालीय. पण ते मॉडेल स्वतःच्या जोरावर चाललं नाही. पेट्रोल चेंबरमध्ये पूर्ण जळायचंच नाही, टर्बाइन ओलांडून मागे जाऊन जळायचं आणि मागून नुसत्या ज्वाळा यायच्या. म्हणून पुढे हाइन्केल कंपनीत गेल्यावर १९३७ मध्ये त्याने पहिलं इंजिन हायड्रोजनवर चालवलं, कारण हायड्रोजन पटकन पेटतो, पटकन जळतो. पातळ इंधनाचं काम नंतर सुटलं आणि २७ ऑगस्ट १९३९ ला त्याच्या इंजिनावर विमान उडालं. तिकडे इंग्लंडमध्ये फ्रँक व्हिटलचं इंजिन १२ एप्रिल १९३७ ला सुरू झालं (या माणसाचं पेटंट १९३५ मध्ये ५ पौंड फी भरता आली नाही म्हणून गेलं होतं, वाचून वाईट वाटतं), त्यालाही कंबशन चेंबरने, म्हणजे इंधन जळणाऱ्या त्याच मधल्या चेंबरने, वर्षानुवर्षं रडवलं, शेवटी १९४० मध्ये शेल कंपनीच्या लबकने केलेल्या बर्नरने सुटका झाली.

युद्धानंतर हौशी लोकांकडे बरीच वर्षं फक्त पल्सजेट होतं, म्हणजे नळीत इंधनाचे एकामागून एक स्फोट करून चालणारं जेट, त्यात कॉम्प्रेसरही नाही आणि टर्बाइनही नाही, आवाज मात्र भयंकर. खऱ्या टर्बाइनवर रेडिओ कंट्रोलचं मॉडेल विमान उडालं ते १९८३ मध्ये, इंग्लंडमध्ये. नंतर फ्रान्सच्या जेपीएक्स कंपनीने तयार इंजिन विकायला काढलं, तेही प्रोपेन गॅसवर, म्हणजे ओहाइनने शोधलेलीच पळवाट.

खरा बदल केला तो जर्मनीच्या कुर्ट श्रेकलिंगने, १९८० च्या दशकाच्या शेवटी. त्याचं डोकं वेगळ्या दिशेने चाललं. फिरणाऱ्या चाकावरचा ताण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, मग वेग आणि दाबच कमी ठेवला तर साधं मटेरियल चालेल की! त्याने कॉम्प्रेसरचं चाक चक्क प्लायवूडचं केलं, बाहेरून कार्बन फायबर गुंडाळून, कारण ती बाजू थंड असते आणि लाकूड हलकं असतं. टर्बाइन स्टीलच्या पत्र्यातून कापलेली, बाहेरचं कव्हर कॅम्पिंगच्या गॅसच्या डब्याचं. आणि इंधन पातळच, चेंबरमधल्याच गरम नळीतून फिरवून त्याची आधी वाफ करायची आणि मग जाळायची, आपल्या रॉकेलच्या स्टोव्हसारखं. १९९० च्या दशकात त्याने हे सगळं मापांसकट पुस्तकात छापलं. माझ्या मते हा छंद खऱ्या अर्थाने तिथून सुरू झाला, कारण घरी लेथ असलेला कोणीही आता हे करू शकत होता.

त्यानंतर थॉमस काम्प्स आणि हेसुस आर्तेस यांचं केजे-६६ हे इंजिन आलं. त्यात लाकूड गेलं आणि टर्बोचार्जरचं (गाडीच्या इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा) ६६ मिमीचं तयार अल्युमिनियमचं चाक आलं, वेग मिनिटाला लाखाच्या वर, थ्रस्ट, म्हणजे पुढे ढकलणारा जोर, साधारण सात किलो. त्याचे प्लॅन जगभर फिरले आणि आजही लोक त्यावरूनच बनवतात. बेअरिंगला वेगळी ऑइल सिस्टीम नाही, इंधनातच थोडं ऑइल मिसळायचं.

लेथच नसेल तर दुसरा रस्ता म्हणजे ट्रकचा अख्खा टर्बोचार्जर. कॉम्प्रेसर आणि टर्बाइन दोन्ही तयार मिळतात, बनवायचा फक्त मधला चेंबर, म्हणजे पुन्हा तीच आग. आतल्या नळीला भोकं पाडताना सगळा हिशोब असतो, साधारण पाव हवा जळायला द्यायची आणि बाकीची मागच्या भोकांतून आत सोडून गॅस थंड करायचा, नाहीतर टर्बाइन वितळते. पुढची भोकं मोठी झाली तर ज्योत विझते, लहान झाली तर मागून ज्वाळा येतात. आणि सुरू करताना चाकाच्या रेषेत, म्हणजे फिरणाऱ्या चाकाच्या बरोबर बाजूला, कधीच उभं राहू नका, पातं तुटलं तर ते त्याच रेषेत कव्हर फोडून बाहेर येतं.