बशीतलं मीठ ओलं झालं, दोष कुणाचा?

पावसाळा लागला की तो मेसेज फिरायला लागतोच. कोपऱ्यात बशीभर खडामीठ ठेवा, सकाळी ओलं दिसलं म्हणजे घरातली निगेटिव्ह एनर्जी त्यानं ओढून घेतली. अहो, गोव्यात जुलैमध्ये मीठ कोरडं राहिलं तर मला सांगा!

खरी गंमत द्रावणात आहे. मीठ पाण्यात गेलं की सोडियम आणि क्लोराईडचे आयन सुटे होतात, पाण्याचे रेणू त्यांना चिकटून बसतात, मग वाफ होऊन पळणारे रेणू कमी पडतात. संपृक्त, म्हणजे आणखी मीठ विरघळूच शकत नाही अशा द्रावणावरच्या बंद हवेत आर्द्रता साधारण 75 टक्क्यांवर थांबते. बाहेरची हवा त्याहून दमट असली की पाणी जाण्यापेक्षा येतंच जास्त, आणि मीठ पाझरतं. पण आगरवाडा, हडफड्याच्या मिठागरातलं मीठ तर हिवाळ्यातही ओलसर लागतं, त्याचं कारण मॅग्नेशियम क्लोराईड. आगरात समुद्राचं पाणी आटताना आधी जिप्सम बसतं, मग मीठ, आणि हे कडू क्षार शेवटच्या पाण्यात उरतात, त्यातलं थोडं खड्यांना चिकटून घरी येतं. ते 33 टक्के आर्द्रतेलाच पाणी खेचायला लागतं!

हे काढायचं कसं, तर मीठ मिठाच्याच पाण्यानं धुवायचं. 100 ग्रॅम पाण्यात 40 ग्रॅम बारीक मीठ घालून भरपूर ढवळा, 36 ग्रॅमच्या आसपास विरघळेल, बाकी तळाला राहील, तेच हवंय. गरम करून फार फरक पडत नाही, उकळत्या पाण्यातही 39च्या आसपासच. हे पाणी फडक्यातून गाळून त्यात खडामीठ खळबळवा. मिठाला विरघळायला जागाच नाही, मॅग्नेशियम क्लोराईडला मात्र भरपूर आहे, शिवाय त्याचं क्लोराईड पाण्यात वाढलं की सोडियम क्लोराईडची विद्राव्यता आणखी कमी होते (कॉमन आयन इफेक्ट, बारावीत मार्कांसाठी पाठ केलेला). मग निथळून उन्हात घाला, ऊन मिळालं तर.

तळाचं ओलं मीठ टाकू नका. बाटलीच्या झाकणात भरा, घरातल्या आर्द्रता मीटरसोबत घट्ट डब्यात रात्रभर ठेवा. 75 दाखवायला हवं. 70 दाखवलं तर मीटर पाचानं कमी सांगतोय.