विकण्याआधी गोऱ्हा बडवावा का? माळव्यातल्या एका जुन्या प्रश्नाची पार्श्वभूमी

श्रावण अमावास्येला इंदूरच्या रामबाग, नारायणबाग भागांतल्या मराठी घरांत पाटावर मातीची बैलजोडी मांडली जाते. शेती सुटून दोन-तीन पिढ्या लोटलेल्या घरांतही त्या जोडीला हळदकुंकू लागते आणि पुरणपोळीचा नैवेद्य दाखवला जातो. ही पूजा वळूची नव्हे, बैलाची असते, आणि बैल म्हटले की तो बडवलेला, म्हणजे खच्ची केलेला, आहे हे मराठीत न सांगताच समजले जाते. गायीच्या नर वासराला आपण गोऱ्हा म्हणतो, वयात येऊ लागला की खोंड, पैदाशीसाठी राखला तर वळू आणि बडवून औताला जुंपला तर बैल. माळवीत वासराला केडा आणि बडवलेल्याला बधिया म्हणतात. हा व्यवहार भाषेत इतका मुरलेला असूनही गोऱ्हा बडवायचा कधी, कोणी आणि कोणाच्या खर्चाने, यांची उत्तरे मात्र काळाबरोबर बदलत गेली आहेत.

नर वासरू बाजारात नेण्यापूर्वी त्याचे खच्चीकरण करावे की तसेच विकावे, हा वाद आज सर्वांत ठाशीवपणे मांडला जातो तो अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया अशा देशांत, जिथे वासरे लिलावात वजनावर विकली जातात आणि घेणाऱ्याला त्यांच्यापासून मांस हवे असते. अमेरिकेतील लिलावात न बडवलेल्या वासराला बडवलेल्यापेक्षा दर कमी मिळतो. ते काम पुढे घेणाऱ्यालाच करावे लागते, मोठ्या वयात केल्यास जनावराचे वजन घटते आणि ते आजारी पडण्याचा धोकाही वाढतो, हे सारे तो बोली लावतानाच वजा करून ठेवतो. याउलट नर संप्रेरकामुळे वजन झपाट्याने भरते म्हणून काही पशुपालक हे काम लांबणीवर टाकतात. मात्र वयात येण्यापूर्वी त्याचा लाभ फारसा दिसत नाही. इंग्लंडमध्ये कायद्यानेच वयाची मर्यादा घातली आहे: जन्मानंतरच्या पहिल्या आठवड्यापुरतीच भूल न देता रबरी कडे बसवण्याची मुभा असते आणि दोन महिन्यांहून मोठ्या वासराला भूल देणे व पशुवैद्याकडूनच काम करून घेणे बंधनकारक आहे. तो सगळा हिशेब मांसाचा आहे. तो जसाच्या तसा माळव्यात आणून बसवला तर काहीच जुळत नाही, कारण इथे गोऱ्ह्याची किंमत शेकडो वर्षे त्याच्या खांद्यावर ठरत आली.

आपल्याकडील ही चाल किती जुनी, याचा पुरावा शब्दांतच सापडतो. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातील बत्तिसाव्या सूक्तात, वृषभाची बरोबरी करू पाहणाऱ्या ‘वध्रि’ची, म्हणजे खच्ची केलेल्याची, उपमा इंद्राचा शत्रू वृत्र याला दिली आहे, आणि हिंदी-माळवीतला ‘बधिया’ याच शब्दाशी जोडला जातो. आपला ‘खच्ची’ मात्र अरबीतून फारसीमार्गे आलेला. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात गोअध्यक्षाच्या, म्हणजे राज्याच्या गुरांवर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्याच्या, प्रकरणात नर जनावरांची वर्गवारी आहे: वत्स, वत्सतर, दम्य म्हणजे वठणीवर आणण्याजोगा, वही म्हणजे ओढकामाचा, आणि पैदाशीचे वृष व उक्षा. ओढकामाचा आणि पैदाशीचा हे दोन हिशेब तेव्हाही वेगळे ठेवले जात होते. मृत्यूनंतर अकराव्या दिवशी वृषोत्सर्ग करून डाग दिलेला वळू मोकळा सोडण्याची प्रथा याच रचनेचा दुसरा भाग होती. गावचे बहुतेक नर बडवलेले असत आणि गायींना लागणारा वळू धर्माच्या नावाने गावभर चरत असे. पाहून-पारखून सोडला तर चांगले, नाही तर वंशाचे नुकसान, ही तक्रारही जुनीच आहे.

माळवी जातीचा बैल पांढुरका-राखाडी असतो आणि नराच्या मानेवर, वशिंडावर व खांद्यावर काळसर झाक येते. आगर येथील शासकीय प्रक्षेत्र याच जातीच्या संवर्धनासाठी ओळखले जाते. नर्मदेपलीकडच्या निमाडात तांबूस अंगावर पांढरे डाग असलेली निमाडी जात आहे, आणि संत सिंगाजींच्या जत्रेत निमाडी बैलांचा व्यवहार होत आला आहे. या काळ्या, चिकट जमिनीत नांगर ओढायचा तर जनावराची मान जाड आणि खांदा भरलेला लागतो. तो भरण्यासाठी नर संप्रेरक आवश्यक असते, म्हणून गोऱ्हा लवकर बडवू नये असा शेतकऱ्यांचा दंडक होता. अगदी लहानपणी बडवलेल्या वासराची हाडे उशिरापर्यंत वाढतात, त्यामुळे ते उंच पण अरुंद राहते आणि वशिंड बेताचे येते. शिवाय त्याचा मूत्रमार्गही अरुंद राहत असल्याने पुढे मुतखड्याने लघवी अडण्याची भीती असते. उलट फार उशीर केला तर खोंड गायींमागे धावू लागतो, जोडीदाराला शिंगे लावतो आणि वेसण घालूनही आवरत नाही. म्हणून दोन पक्के दात आल्यावर, म्हणजे साधारण दोन वर्षांच्या पुढे, थंडीच्या दिवसांत माशा कमी असताना हे काम उरकले जाई.

यावरून बाजारातील रीतही ठरली. गुरे पाळून वासरे विकणारा सहसा अदंत, म्हणजे पक्के दात न आलेला, गोऱ्हा न बडवताच विकत असे, कारण त्याच्याकडे खांदा भरेपर्यंत पोसण्याइतका चारा नसे. शिवाय लक्षणे चांगली निघाली तर एखादे गाव तोच गोऱ्हा वळू म्हणून उचलण्याची शक्यता उरे, जी एकदा बडवल्यावर कायमची संपते. घेणारा शेतकरी त्याला वाढवी, बडवी आणि औताला शिकवी. हाच शेतकरी पुढे चौदाती, म्हणजे चार पक्के दात आलेली, जोडी विकायला काढी, तेव्हा मात्र ती बडवलेली, वेसण घातलेली आणि जुंपून दाखवता येणारी असावी लागे. अंडील, म्हणजे न बडवलेले, जनावर जोडीत असेल तर दलाल भाव पाडायला तेच निमित्त पुरेसे मानी. हा व्यवहार उघड बोलीचा नव्हता. गिऱ्हाईक जनावराचा खालचा ओठ दाबून दात मोजी, खांद्यावर जुवाचा घट्टा पडला आहे का ते चाचपून पाही, आणि मग उपरण्याखाली दोन हात एकमेकांत जाऊन बोटांनी रक्कम ठरे. आजूबाजूला उभ्या असलेल्यांना दिसे ते फक्त हलणारे कापड. म्हणजे ‘विकण्याआधी बडवावे का’ याचे उत्तर जनावराच्या वयावर अवलंबून होते, आणि त्याबाबत दोन्ही बाजूंना फारसा संशय नसे.

जुनी पद्धत मात्र निर्दय होती. खोंडाला दोरांनी पाडून पाय बांधत, वृषणाची दोर, म्हणजे वृषणाकडे जाणारी नस, दोन काठ्यांमध्ये आवळत आणि लाकडी मोगरीने किंवा दगडाने ठेचत. ‘बडवणे’ हा शब्द तिथूनच पडला. विसाव्या शतकाच्या आरंभी इटालियन पशुवैद्य नेपोलियोने बुर्डिझ्झो यांनी तयार केलेला चिमटा आला आणि चित्र बदलले. यात कातडी फाटत नाही. हाताने दोर त्वचेखाली एका कडेला सरकवतात, चिमट्याचे बोथट जबडे तिच्यावर मिटतात, आतली नस चुरडल्याचा बारीक आवाज येतो आणि काही क्षण चिमटा तसाच धरून ठेवतात. दुसऱ्या बाजूचा दाब मुद्दाम थोडा खाली किंवा वर देतात, कारण दोन्ही खुणा एका रेषेत आल्या तर मधल्या त्वचेचा रक्तपुरवठा तुटून ती कुजू शकते. पुढील काही आठवड्यांत वृषण आकसतात. तोवर नलिकांमध्ये बीज शिल्लक असते. त्यामुळे चिमटा लावलेला खोंड लगेच गायींत सोडणाऱ्याला नंतर आश्चर्याचा धक्का बसतो, आणि दोष मात्र बिचाऱ्या डॉक्टरच्या माथी जातो.

चिमटा आला तेव्हाच सरकारलाही या प्रश्नात रस वाटू लागला होता. १९२६ मध्ये नेमलेल्या आणि १९२८ मध्ये अहवाल देणाऱ्या शाही कृषी आयोगाने, लॉर्ड लिनलिथगो यांच्या अध्यक्षतेखाली, एक मार्मिक निरीक्षण नोंदवले: जिल्ह्यात किती गुरे असतील हे बैलांच्या मागणीवर ठरते, आणि चांगले बैल निपजण्याची परिस्थिती जितकी वाईट तितकी जास्त गुरे लोक पाळतात. निकृष्ट वळू मोकळे फिरले तर हे चक्र तुटणार नाही, या विचारातून मुंबई प्रांतात १९३३ चा पशुधन सुधारणा कायदा झाला. त्याने वळू पाळायला परवाना आवश्यक केला आणि नापसंत वळूचे खच्चीकरण करवण्याचा अधिकार अधिकाऱ्यांना दिला. बडवण्याचा निर्णय प्रथमच मालकाच्या हातून अंशतः निसटला. होळकरांचे इंदूर संस्थान असल्याने तो कायदा इथे लागू नव्हता, पण बैलाविषयीचे वेगळे काम इथे चालले होते. १९२४ पासून येथील वनस्पती उद्योग संस्थेत अल्बर्ट हॉवर्ड यांनी जी कंपोस्टची ‘इंदूर पद्धत’ बसवली, तिचा पाया गोठ्यातले शेण आणि मूत्र मुरलेली माती हाच होता. संस्थेची जमीन बैलांनीच कसली जाई. बैलाचा हिशेब ओढकामापुरता नाही, हे इंदूरने जगाला दाखवले, असे म्हणायला हरकत नाही.

पुढे तो हिशेबच कोसळला. १९७० नंतरच्या दशकांत माळव्याच्या काळ्या जमिनीत, जिथे पूर्वी खरिपात रान पडीक ठेवत, तिथे सोयाबीन पसरले. १९८७ मध्ये सोयाबीनचे राष्ट्रीय संशोधन केंद्रही इंदूरलाच आले. सोयाबीन काढून गहू-हरभरा पेरायला मिळणारे दिवस थोडे असतात आणि त्या घाईत ट्रॅक्टरशी बैलाची बरोबरी होत नाही. तरी सोयाबीनच्या दोन ओळींमधले तण काढायला बैलांचा डोरा, म्हणजे आपले कोळपे, बरीच वर्षे टिकून राहिला. तणनाशक आले तसा तोही मागे पडला. २०१९ च्या पशुगणनेनुसार देशात गोवंशाची एकूण संख्या १९.२५ कोटी होती आणि त्यात नर ४.७४ कोटींच्या आसपास. २०१२ च्या तुलनेत नर सुमारे ३० टक्क्यांनी घटले आणि गायी सुमारे १८ टक्क्यांनी वाढल्या. दुधासाठी गाय हवी, तिच्यासोबत जन्मणारा गोऱ्हा नको, हेच हे आकडे सांगतात.

नको असलेला गोऱ्हा पूर्वी कुठे ना कुठे विकला जाई. मध्य प्रदेशात २००४ च्या कायद्याने गोवंशाच्या, म्हणजे बैल व वळू यांच्याही, वधाला बंदी आहे. तिच्या योग्यायोग्यतेची चर्चा इथे करत नाही. मात्र पशुपालकाच्या दृष्टीने औताला घेणारा उरला नाही आणि दुसरा गिऱ्हाईकही नाही, तेव्हा बडवण्याचा खर्च करून भाव वाढेल ही अपेक्षाच मावळली. गोऱ्हा न बडवता रस्त्यावर सोडला जातो. १८७१ च्या गुरांच्या अतिक्रमणाच्या कायद्यान्वये कोंडवाड्यात आलेल्या जनावराचा मालक ठरावीक मुदतीत पुढे आला नाही तर त्याचा जाहीर लिलाव करता येतो. इंग्रजांच्या काळी त्या लिलावात शेतकरी उतरत, कारण स्वस्तात बैल होण्याजोगा खोंड मिळे. आज ते कारणच उरलेले नाही.

ऑक्टोबर २०२१ मध्ये राज्याच्या पशुपालन विभागाने निकृष्ट सांडांच्या, म्हणजे वळूंच्या, खच्चीकरणाची मोहीम राज्यभर सुरू करण्याचा आदेश काढला. यामुळे देशी गोवंशच संपेल असा आक्षेप भोपाळच्या तत्कालीन खासदार प्रज्ञासिंह ठाकूर यांच्यासह अनेकांनी घेतला आणि काही दिवसांतच आदेश मागे घेण्यात आला. ज्या कृतीशिवाय पोळ्याचा बैल घडत नाही तीच गोवंशाविरुद्धची कृती ठरावी, हे मला तरी विलक्षण वाटले. पण आक्षेपातला एक भाग रास्त होता, कारण माळवी किंवा निमाडी जातीचा चांगला खोंड सरसकट मोहिमेत ओळखणार कोण, याचे उत्तर सोपे नाही. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६०, विहित पद्धतीने केलेल्या खच्चीकरणाला क्रूरता मानत नाही. ती विहित पद्धत कोणती, हे २०२३ च्या नियमांनी स्पष्ट केले आणि भूल व नोंदणीकृत पशुवैद्य या दोन्ही गोष्टी आवश्यक केल्या. मोगरी त्यामुळे कायद्याबाहेर गेली.

दरम्यान भोपाळच्या भदभदा येथील वीर्य केंद्रात लिंगनिश्चित रेतमात्रा तयार होऊ लागल्या आहेत. त्या वापरल्यास सुमारे ९० टक्के वासरे कालवडी निघतात, म्हणजे गोऱ्ह्याचे काय करायचे हा प्रश्न जन्माआधीच टळतो. परंतु ती मात्रा कृत्रिम रेतनानेच देता येते, आणि गाय माजावर आलेली मालकाच्या लक्षात येण्यापूर्वीच गल्लीतला मोकाट सांड तिच्यापर्यंत पोहोचलेला असतो. तो सांड म्हणजे दोन-तीन वर्षांपूर्वी कोणी न बडवता, न विकता सोडून दिलेला गोऱ्हाच असतो.