आयत्या बिळाचा मूळ मालक

फेब्रुवारीतली गोष्ट. आर्वीकडच्या आमच्या वावरात गहू निसवला होता. त्या आठवड्यात रातची लाईन होती, म्हणून साडेअकराला मोटार सुरू करून काका आणि मी ओलिताला गेलो. पाट भरून वाहत होता, पण वाफ्यात पाणी पोचेना. टॉर्च मारत पाटाच्या कडेकडेनं गेलो, तर धुऱ्याला, म्हणजे बांधाला, लागून एका जागी पाणी गोल फिरत खाली चाललं होतं, न्हाणीच्या मोरीत जावं तसं. काकांनी कपाळावर हात मारला. "घुशीनं धुरा पोखरला, पाह्य. आता बुजव अन् सकाळी सब्बल घेऊन ये."

डोंगर पोखरून उंदीर काढणं ही म्हण आजवर मी दुसऱ्यांसाठी वापरत आलो होतो. सकाळी दोन तास धुरा खणला तेव्हा ती माझ्यावरच उलटली, कारण उंदीर काही निघाला नाही. पाणी शिरताच तो दुसऱ्या तोंडानं पसार झाला असणार. हा प्राणी पोहण्यातही तरबेज आहे. पण त्याचं घर मात्र सगळं हाती लागलं.

आधी नावाचा घोळ मिटवू. आमच्याकडे माती उकरणारा कुठलाही दांडगा उंदीर म्हणजे घूस. पण घराच्या पायात आणि गटाराच्या कडेला राहणारी, पाऊण-एक किलोपर्यंत वाढणारी मोठी घूस वेगळी, आणि शेतातली ही तिची धाकटी बहीण वेगळी. हिचं शास्त्रीय नाव बँडिकोटा बेंगालेन्सिस. वजन साधारण दोनशे ते साडेतीनशे ग्रॅम, नाक बोथट, शेपूट अंगापेक्षा आखूड. 'बँडिकूट' हा शब्द तेलुगूतल्या 'पंदिकोक्कु'वरून आला, म्हणजे डुक्कर-उंदीर. कोंडीत सापडली की ही अंगावरचे राठ केस फुलवते आणि खरंच डुकरासारखी गुरगुरते. तेलंगणाच्या सीमेवरच्या सिरोंचाकडच्या माणसाला हे नाव समजावून सांगावं लागणार नाही.

बिळाचं तोंड शोधायलाच वेळ लागला. धुऱ्यावर दिसत होता तो फक्त मातीचा ढीग, भुसभुशीत, बारीक ढेकळांचा. तो हातानं सारला तेव्हा खाली मातीचंच घट्ट बूच निघालं. ही धाकटी घूस आत गेली की दार लावून घेते, आतून माती ढकलून तोंड बंद करते. गेल्या वर्षी काकांनी याच धुऱ्याला मिरचीची धुरी दिली होती. गोवऱ्या पेटवल्या, वर भिवापुरी मिरच्या टाकल्या, आणि दुसरीकडून धूर निघायची वाट पाहत बसले. धूर निघाला नाही, ठसका मात्र आम्हालाच लागला. का, ते बूच पाहिल्यावर कळलं.

बूच काढून सब्बलीनं हळूहळू उघडत गेलो. जेमतेम मूठ जाईल एवढी वाट. एका जागी माती कोरडी आणि घट्ट होती, तिथे भिंतीवर दोन-दोन समांतर ओरखडे स्वच्छ दिसत होते, सुतारानं बारीक पटाशी चालवावी तसे. ते दातांचे होते.

पटाशीची उपमा मी उगाच दिलेली नाही. उंदीरवर्गातल्या प्राण्यांच्या पुढच्या दातांना कठीण लुकण (इनॅमल) फक्त पुढच्या बाजूनं असतं, मागची बाजू मऊ दंतिनाची. वापरता वापरता मागची बाजू लवकर झिजते, पुढची कमी, आणि कड आपोआप तिरपी, धारदार राहते. घुशीचे दात नारिंगी दिसतात ते किडले म्हणून नव्हे, लुकणातल्या लोहामुळे. हे दात जन्मभर वाढत राहतात. त्यामुळे कुरतडणं ही त्यांची खोड कमी आणि गरज जास्त. आणखी एक बारकावा मला फार आवडतो. या दातांच्या मागे मोठी फट असते, आणि तिथे गालाची आणि ओठाची कातडी आत दुमडून मिटते. म्हणजे दात बाहेर, तोंड बंद. माती कुरतडायची, पण घशात कण जाऊ द्यायचा नाही.

दातांनी सैल केलेली माती पुढचे पाय पोटाखाली ओढतात, मागचे पाय मागे फेकतात, आणि पुरेशी साचली की प्राणी वळून ती नाकाडानं आणि पुढच्या पायांनी बाहेर ढकलतो. हे काम किती महाग पडतं? अमेरिकेतल्या गोफर नावाच्या बीळकरी प्राण्यावर डेव्हिड व्लेक यांनी 1979 साली हिशेब मांडला. जमिनीवरून जेवढं अंतर चालायला जी ऊर्जा लागते, तेवढंच अंतर बीळ खणत जायला तिच्या 360 ते 3400 पट लागते. माती भारी की हलकी, ओली की कोरडी, यावर आकडा बदलतो. हे वाचल्यापासून मला बिळाच्या अरुंदपणाचं नवल वाटेनासं झालं. वाटेचा व्यास दुप्पट केला तर काढायची माती चौपट होते. म्हणून वाट अंगाबरोबर, आणि अंगही वाटेजोगं: लांबट गोल धड, आखूड मान, आखूड पाय, डोक्याला चिकटलेले कान. अंगाला घासत जाणाऱ्या भिंती मिशांना कळतात. अंधारात मिशी हेच बोट.

दीड-दोन फूट खाली वाट फुगून एक पोकळी झाली होती. त्यात गव्हाच्या ओंब्या, देठ तिरपे कापलेले, आणि शेजारच्या वावरातले हरभऱ्याचे घाटे. माझ्या ओंजळीत मावतील एवढे. काकांनी ते मोजले नाहीत, पण चेहऱ्यावरून हिशेब चालू असल्याचं दिसत होतं. तमिळनाडूतले इरुळा लोक उंदीर पकडताना बिळातलं असं साठवलेलं धान्यही परत काढून आणतात. आमच्या हाती आलं त्यात एक भाकरीही झाली नसती.

पोकळीत हात घातला तेव्हा माती गार आणि दमट लागली. वर फेब्रुवारीचं ऊन होतं. मे महिन्यात इथे पारा पंचेचाळीसच्या पलीकडे जातो आणि उघड्या जमिनीवर अनवाणी पाय ठेवत नाही कुणी. पण माती उष्णता फार सावकाश खाली नेते. दोन फुटांवर दुपार आणि पहाट यांतला फरक जवळजवळ पोचतच नाही. श्वासातली वाफही बंद बिळात कोंडून राहते, म्हणून शरीरातलं पाणी कमी उडतं. वाळवंटी उंदरांना पाण्यावाचून दिवस काढता येतात त्यात त्यांच्या मूत्रपिंडाचं श्रेय मोठं आहे, पण निम्मं काम बीळ करतं असं म्हटलं तरी चालेल. याची दुसरी बाजू अशी की दमट हवेत खणकाम करताना अंगातली उष्णता बाहेर टाकणं कठीण होतं. कायम जमिनीत राहणाऱ्या अनेक जातींची शरीराची भट्टी मुळातच मंद असते, त्याचं एक कारण हे मानतात.

मग हवेचं काय? हा प्रश्न आमच्या काळ्या जमिनीत जास्तच टोकदार आहे. रेताड मातीत कणांच्या मधून हवा येत-जात राहते. काळी माती पाऊस पिऊन फुगते, तिची छिद्रं पाण्यानं भरतात, आणि बूच लावलेलं बीळ झाकण लावलेल्या डब्यासारखं होतं. इस्रायलमध्ये आंधळा मोल रॅट या कायम जमिनीखाली राहणाऱ्या, उंदीरवर्गातल्या प्राण्याच्या बिळांमधली हवा मोजली गेली आहे. पावसानंतर भारी चिकणमातीत तिथे ऑक्सिजन 7.2 टक्क्यांपर्यंत उतरलेला आणि कार्बन डायऑक्साईड 6.1 टक्क्यांपर्यंत चढलेला आढळला. आपण घेतो त्या हवेत ऑक्सिजन सुमारे 21 टक्के असतो आणि कार्बन डायऑक्साईड एका टक्क्याच्या विसाव्या हिश्श्यापेक्षाही कमी. तशा बिळात माणूस बेशुद्ध पडेल; हा प्राणी घर सावरत फिरतो.

याहून थोर एक प्राणी पूर्व आफ्रिकेत आहे: केनिया, इथिओपिया, सोमालियातला नागडा मोल रॅट. अंगावर तुरळक केस, सुरकुतलेली गुलाबी कातडी, ओठांच्या बाहेर आलेले दात. दिसायला अगदीच कसातरी. पण 1981 साली जेनिफर जार्विस यांनी दाखवून दिलं की तो मधमाश्यांसारखा राहतो: पिलं देणारी एक राणी, बाकीचे कामकरी. खणताना ते एकामागे एक रांग लावतात आणि माती मागे मागे सरकवत शेवटचा गडी ती बाहेर उडवतो. स्लॅबच्या दिवशी घमेली हातोहात पुढे जातात तसंच, फक्त उलट दिशेनं. थॉमस पार्क आणि सहकाऱ्यांनी 2017 साली हे प्राणी ऑक्सिजन मुळीच नसलेल्या हवेत ठेवून पाहिले. 18 मिनिटांनंतरही ते सावरले. ऑक्सिजन संपला की त्यांचा मेंदू नेहमीच्या ग्लुकोजऐवजी फ्रुक्टोजवर चालू लागतो. याच प्राण्याच्या कातडीला आम्लाची जळजळ कळत नाही, आणि मिरचीतल्या कॅप्सेसिनचीही नाही. गर्दीच्या बिळात कार्बन डायऑक्साईड साचून नाकाडोळ्यांत आम्ल तयार होतं, सोड्याचा फेस नाकात गेल्यावर झोंबतं तसं. तिथे जन्म काढायचा तर ती जळजळ बोथट झालेलीच बरी. काकांना हे सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "आपल्याकडे नाही ना हाये तो? मंग ठीक."

नाही, आपल्याकडे नाही. आणि मला मुद्दा सांगायचा आहे तो हाच. भूमिगत प्राणी म्हटलं की पुस्तकांत हे टोकाचे नमुने येतात. आंधळ्या मोल रॅटचा तर डोळा कातडीखाली गाडलेला असतो, एक मिलिमीटरहून लहान. त्याला चित्र दिसत नाही, फक्त दिवस-रात्रीचा अंदाज येतो. शेजाऱ्याशी बोलायचं तर तो बिळाच्या छताला डोकं आपटून कंप पाठवतो. आमच्या धुऱ्यातले प्राणी असे पूर्णवेळ भूमिगत नाहीत. ते रात्रपाळी करतात: दिवस खाली, रात्र वर. म्हणून त्यांनी डोळे सोडलेले नाहीत, कान पुरते गमावलेले नाहीत. वरून घुबड, खालून साप, आणि दोन्हीकडे जगायचं. अशी तडजोड निभावणं मला डोळे गाडून टाकण्यापेक्षा अवघड वाटतं.

ही तडजोडही जमिनीगणिक बदलते. मुरमाड, हलक्या जमिनीत जरबिल नावाचा उंदीर राहतो. शेपटीच्या टोकाला झुपका, मागचे पाय लांब, हरणासारख्या उड्या. त्याच्या कवटीत कानाखाली फुगलेली हाडाची पोकळी असते, आणि तिच्यामुळे मंद, घोगरे आवाज त्याला चांगले ऐकू येतात. घुबडाच्या पंखांची हवा आणि सापाची झेप अशाच आवाजात बोलतात. त्याच्या बिळाला चोरदारही असतं: एक वाट जमिनीपर्यंत आणून वरचा मातीचा पातळ पापुद्रा तसाच ठेवलेला. संकट आलं की डोक्यानं पापुद्रा फोडून बाहेर.

भर काळ्या वावरात मात्र मऊ केसांचा मेटाड उंदीर खणायच्या फंदात कमीच पडतो. उन्हाळ्यात कपाशीची जमीन तडकते, पाय जाईल एवढ्या भेगा पडतात. तो त्याच भेगांत संसार थाटतो. फुकटचं घर. पण मृगाच्या पावसानं माती फुगली की घर मिटतं, आणि मग सगळी बिऱ्हाडं धुऱ्यावर. पावसाळ्यात धुऱ्यालाच का सगळी बिळं, याचं उत्तर त्यात आहे.

खणणाऱ्याची खरी अडचण अशी की आपल्या अंगाला नेमकी बसणारी वाट सापाच्याही अंगाला बसते. सापाला खणायला पाय नाहीत, म्हणून नाग आणि धामण तयार बिळं वापरतात, आणि घरमालक घरात असला तर जेवणाचीही सोय होते. आयत्या बिळावर नागोबा म्हणताना आपण नागोबालाच नावं ठेवतो, मूळ मालकाचं पुढे काय झालं ते कुणी विचारत नाही. ते मातीचं बूच बहुधा याच पाहुण्यासाठी असावं.

बंदोबस्त करणं भाग होतं. धुरा फुटला की पाणी जातं, आणि रातच्या लाईनचं पाणी जाणं काय असतं हे शेतकऱ्याला सांगायला नको. संध्याकाळी आम्ही धुऱ्यावरची सातही तोंडं पायानं दाबून बुजवली. आमिष कुठे ठेवायचं ते ठरवायची ही सोपी रीत: सकाळी जी उघडतील ती जिवंत बिळं, बाकी रिकामी. दोन-तीन दिवस आधी बिनविषारी भरडा ठेवायचा, कारण झिंक फॉस्फाईड या उंदरांच्या विषाचा एक घास खाऊन आजारी पडलेला पण वाचलेला उंदीर पुन्हा त्या आमिषाला तोंड लावत नाही.

सकाळी गेलो तर सातांपैकी दोन तोंडांवर ताजे ढीग होते. तिसरा ढीग आम्ही खणलेल्या जागेपासून दहा पावलांवर, गव्हाच्या ऐन मधोमध, काल तिथे काहीच नव्हतं. काकांनी चप्पल काढली आणि त्या मातीवर पाय ठेवला.

"गार हाये," ते म्हणाले. "खालची हाये."