शिक्षणसेवक : कोविडकाळातील नवे शिक्षक

महाराष्ट्रात जिल्हा परिषदा, महानगरपालिका व नगरपालिका आणि खासगी अनुदानित संस्थांच्या शाळांत पहिली तीन वर्षे ठरावीक मानधनावर शिकवणाऱ्या नवनियुक्त शिक्षकाला शिक्षणसेवक म्हणतात. ही योजना २००० साली सुरू झाली. तीन वर्षांचे काम समाधानकारक ठरले की नियमित वेतनश्रेणी मिळते. सुरुवातीला प्राथमिक शिक्षणसेवकाचे मानधन दरमहा ३,००० रुपये होते. पुढे ते ६,००० झाले, माध्यमिकसाठी ८,००० आणि कनिष्ठ महाविद्यालयासाठी ९,०००. कोविडची साथ आली तेव्हाही आकडे हेच होते. सहा हजारांना तीस दिवसांनी भागले तर रोजचे २०० रुपये पडतात. २०२०-२१ मध्ये राज्यात रोजगार हमीची मजुरी २३८ रुपये होती.

साथीच्या तडाख्यात सापडलेली तुकडी नीट ओळखून घ्यायला हवी, कारण ‘नवे शिक्षक’ म्हटले की डोळ्यांपुढे विशी-बाविशीतली मुले येतात. मे २०१२ पासून राज्यातली शिक्षकभरती जवळजवळ थांबलेली होती. डी.एड. होऊन वर्षानुवर्षे वाट पाहणाऱ्यांनी डिसेंबर २०१७ मध्ये शिक्षकभरतीसाठीची अभियोग्यता चाचणी दिली आणि पवित्र पोर्टल या शिक्षकभरतीच्या सरकारी संकेतस्थळावरची पहिली मोठी निवडयादी ऑगस्ट २०१९ मध्ये लागली. त्यात सुमारे ५,८०० उमेदवार होते. यातले कितीतरी जण तिशीला टेकलेले, संसारी, घरापासून दूरच्या जिल्ह्यात खोली भाड्याने घेऊन राहणारे होते. वर्गातल्या मुलांशी जेमतेम ओळख होते न होते तोच मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. ४ मे २०२० रोजी वित्त विभागाने आरोग्य व वैद्यकीय शिक्षण वगळता नवी पदभरती थांबवली. रिकाम्या जागा रिकाम्याच राहिल्या आणि त्यांचा भार शाळेत असलेल्यांवर पडला.

शाळा बंद असली तरी शिक्षक घरी बसलेला नव्हता. तपासणी नाक्यांवर, रेशन दुकानांवर, विलगीकरण केंद्रांत आणि घरोघरच्या सर्वेक्षणात शिक्षकांच्या नेमणुका झाल्या. सप्टेंबर २०२० मधील ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेतही ते होते. साथीच्या कामावर असताना मृत्यू आल्यास ५० लाख रुपयांच्या साहाय्याचा निर्णय शासनाने २०२० मध्येच घेतला. तो आवश्यकच होता. पण जिवंत शिक्षणसेवकाचे मानधन वाढवण्याचा निर्णय तेव्हा झाला नाही. मोबाइल, दरमहाचा रिचार्ज आणि वाड्यावस्त्यांवर जाण्याचे पेट्रोल, सगळे त्या सहा हजारांतून जायचे.

शिकवण्याची सोय सरकारी पातळीवर झाली ती साहित्याच्या रूपाने. पुण्याच्या राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ या उपक्रमातून रोजचा अभ्यास व्हॉट्सॲपवर पाठवला, दीक्षा हे धड्यांचे सरकारी ॲप होते, जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ मालिका लागत असे. मेळघाटात किंवा अक्कलकुव्याच्या पाड्यांवर यातले फारच थोडे पोहोचले. रेंज नव्हती, आणि घरातला एकुलता एक फोन सकाळी बापाबरोबर कामावर जायचा. मग गृहभेटी सुरू झाल्या. कोणाच्या ओट्यावर, देवळाच्या पारावर पाच-सहा मुले अंतर ठेवून बसू लागली. पालघरच्या काही पाड्यांवर भोंग्यातून पाठ ऐकवले गेले. सोलापूरच्या निलमनगरात घरांच्या भिंतींवर धडे रंगवले गेले.

या काळात नव्या शिक्षकाला खरा आधार दिला तो शेजारच्या माणसाने. द्विशिक्षकी शाळा हे याचे उत्तम उदाहरण. जुन्या गुरुजींना किंवा बाईंना गाव पाठ असते: कोणाचे घर ऊसतोडीला गेले, कोणाकडे स्मार्टफोन आहे, सरपंचाला कोणत्या शब्दांत सांगितले की समाजमंदिर उघडून मिळते. नव्या सरांना व्हिडिओ करता येतो, गट चालवता येतो, ऑनलाइन माहिती भरता येते. जिथे ही देवाणघेवाण जमली तिथे पहिले वर्ष निभावले. आसपासच्या शाळांच्या गटावर, म्हणजे केंद्रावर, देखरेख करणाऱ्या केंद्रप्रमुखांच्या मासिक शिक्षण परिषदाही ऑनलाइन झाल्या. त्यांचे मोल केंद्राकेंद्रानुसार बदलत असे: काही ठिकाणी अडचणी बोलल्या जात, काही ठिकाणी नुसते तक्ते मागितले जात. नव्या शिक्षकाला अनुभवी शिक्षकाचा हात देण्याची व्यवस्था अशी योगायोगावर सोडणे, ही या काळातली सर्वांत मोठी उणीव मानावी लागेल.

शिक्षक टिकवण्याचा प्रश्न महाराष्ट्रात दोन तोंडांचा आहे. विनाअनुदानित आणि खासगी इंग्रजी माध्यमाच्या शाळांत फी थांबली तसे पगार कापले गेले, बंदही झाले, आणि तिथल्या शिक्षकांना भाजीविक्री, शेतमजुरी, मिळेल ते काम करावे लागले. शिक्षणसेवक सहसा नोकरी सोडत नाही, कारण पुढे वेतनश्रेणी दिसत असते. तो जायचा तो आंतरजिल्हा बदलीने. गडचिरोली, नंदुरबार, पालघर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग अशा जिल्ह्यांना ही गळती ठाऊक आहे. शिक्षक खात्यात राहायचा, पण ज्या पाड्याला त्याची गरज असायची तिथे राहायचा नाही. ज्याने साथीत त्या गावाची माणसे जोडली, त्याला तिथेच राहावेसे वाटेल असे घरभाडे, निवास, जोडीदाराची जवळची नेमणूक यांपैकी काही देणे हाच टिकवण्याचा मार्ग होता. मानधनावरच्या माणसाला घरभाडे भत्तादेखील नव्हता.

मानधनवाढ झाली ती १ जानेवारी २०२३ पासून : प्राथमिकसाठी १६,०००, माध्यमिकसाठी १८,०००, उच्च माध्यमिकसाठी २०,००० रुपये. ऑगस्ट २०१९ च्या यादीतून त्या वर्षअखेरीपर्यंत जे रुजू झाले होते, त्यांची तीन वर्षे तोवर भरली होती. त्यांनी साथीचा सगळा काळ जुन्याच मानधनावर काढला. पुढची अभियोग्यता चाचणी फेब्रुवारी-मार्च २०२३ मध्ये झाली आणि तिच्यातून निवडलेल्यांची यादी फेब्रुवारी २०२४ मध्ये लागली.